आईच्या वळणावर न गेलेली रोपं

1990च्या दशकापर्यंत इटलीतल्या सार्डिनिया बेटावर मर्टलची शेती अशी नव्हतीच. नोव्हेंबर ते जानेवारीत रानातल्या झुडपांवर निळी-काळी फळं पिकायची. माणसं ती दातेरी फणीने ओरबाडून आणायची आणि अल्कोहोलमध्ये मुरवून ‘मिर्तो’ नावाचं मद्य करायची. मद्याला मागणी वाढली, रानावर ताण आला, तेव्हा कुठे लागवडीचा विषय निघाला. सासारी विद्यापीठातल्या संशोधकांनी बेटावरची रानझुडपं तपासून निवड सुरू केली.

बीपासून रोपं करणं सोपं दिसतं, आणि मर्टलची बी आहेही गुणाची. फळ चिरडलं की जांभळ्या गरातून पिवळसर, चकचकीत, जरा वाकड्या बिया निघतात. गर तसाच राहिला तर उगवणीला अडथळा येतो. रानात हे गर काढायचं काम पक्षी करतात. रोपवाटिकेत बिया चाळणीवर चोळून धुतात, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकतात. धुतलेली बी 20 अंश सेल्सिअसच्या आसपास काही आठवड्यांत रुजते. नीट सुकवून थंड ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

मग अडलं कुठे? रोपं आईच्या वळणावर जात नाहीत. एकाच झुडपाच्या बियांतून कुणी उभं वाढतं, कुणी पसरतं. कुणाची फळं गरदार, तर कुणाच्या फळात नुसत्या बियाच. मद्य करणाऱ्याला गर हवा. शेवटी निवडक झुडपांच्या फांद्यांपासूनच रोपं करायचं ठरलं आणि बी पैदासकाराकडे व बीजपेढीत गेली. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, पण त्यात एक गोम आहे. कलमांची बाग म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. रोग आला की सगळ्या एकदम सापडतात.

तसा रोग आलाही, मर्टल कुळावर. एप्रिल 2010मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मर्टल तांबेरा सापडला. मे 2017मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर, केरिकेरीतल्या एका रोपवाटिकेत. हा तांबेरा कोवळी पानं, फुलं आणि फळंही धरतो. म्हणजे बी साठवायची वेळ येते नेमकी तेव्हाच ती मिळेनाशी होते.

शिवाय या कुळातली प्रत्येक बी साठवता येतेच असं नाही. 1973मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले: सुकवून टिकणाऱ्या आणि सुकल्या की मरणाऱ्या. मर्टल, पेरू, निलगिरी पहिल्या गटात. त्यांच्याच कुळातली लवंग आणि आपलं जांभूळ दुसऱ्यात. सुकवून उणे 20 अंशांवर ठेवायची बीजपेढीची नेहमीची पद्धत जांभळाला चालत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बहाडोली’ जांभळाचीही कलमंच लावतात, आणि ते ठीकच आहे. पण गावठी जांभळांतली विविधता टिकवायची, तर ती झाडं उभीच ठेवावी लागतील. डब्यात भरून ठेवायची सोय नाही.

तेव्हा यंदा बांधावरच्या एखाद्या चांगल्या जांभळाची बी राखायची असेल, तर उन्हात वाळवू नका. गर धुवा आणि पंधरवड्याच्या आत मातीत घाला.