समुद्रात हरवलेला वैमानिक : स्मृती आणि साक्ष

युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाची स्मृती सामान्यतः त्याच्या थडग्याशी निगडित असते. समुद्रावर कोसळलेल्या बॉम्बफेकी विमानातील वैमानिकाबाबत मात्र बहुधा ना देह हाती लागतो, ना कोणी साक्षीदार उरतो. कुटुंबाला ‘बेपत्ता’ एवढेच कळविले जाते. अशा मृत्यूची नोंद कशाच्या आधारे व्हावी, हा प्रश्न जितका भावनेचा तितकाच पुराव्याचाही आहे. न्यूझीलंडचे फ्लाइंग ऑफिसर लॉइड ट्रिग यांचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण म्हणावे लागेल.

दि. ११ ऑगस्ट १९४३ रोजी एकोणतीस वर्षांचे ट्रिग सात सहकाऱ्यांसह गॅम्बियाहून लिबरेटर विमानातून गस्तीवर निघाले. मूलतः बॉम्बफेकीसाठी घडविलेले हे चार इंजिनांचे विमान ब्रिटिश हवाई दलाची २०० क्रमांकाची तुकडी अटलांटिकवर पाणबुड्यांच्या शोधासाठी वापरीत असे. (हीच तुकडी १९४४ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आली.) यू-४६८ ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर दिसताच त्यांनी चढाई केली. पाणबुडीच्या तोफांच्या माऱ्याने विमान पेटले. त्या अवस्थेत हल्ला सोडून समुद्रावर उतरण्याचा प्रयत्न करता आला असता. ट्रिग यांनी हल्ला पुरा केला. विमान समुद्रात गेले. आठांपैकी एकही वाचला नाही. पाणबुडीही बुडाली, तिचे मोजके खलाशी विमानातूनच सुटलेल्या रबरी तराफ्यावर तगले आणि ब्रिटिश युद्धनौकेच्या हाती लागले.

पाणबुडीचा कप्तान क्लेमेन्स शामोंग व त्याच्या सोबत्यांनी युद्धकैदी म्हणून जे सांगितले, त्या एकमेव आधारावर नोव्हेंबर १९४३ मध्ये ट्रिग यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे खलाशी वाचले नसते तर साऱ्या घटनेची नोंद ‘विमान परतले नाही’ या एका ओळीत संपली असती, आणि बहुसंख्य विमानांबाबत तसेच घडले. त्याच आगीतून गेलेल्या सात सहकाऱ्यांना हा सन्मान लाभला नाही, ही बाबही विसरता येत नाही.

थडगे नसलेल्यांचे नाव कायमस्वरूपी कोरावे, हे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे धोरण. हवाई दलाबाबत हे नाव कोठे कोरावे, याचा निर्णय मृत्यूच्या स्थळापेक्षा तळावरून झाला. ब्रिटन व वायव्य युरोपातील तळांवरून गेलेल्या वीस हजारांहून अधिक जणांची नावे १९५३ मध्ये खुल्या झालेल्या रनीमीड स्मारकावर आहेत. नूर इनायत खान यांचे नावही तेथेच. पश्चिम आफ्रिकेतील तळ मात्र माल्टाच्या कक्षेत येत. म्हणून अटलांटिकमध्ये बुडालेल्या ट्रिग यांचे नाव भूमध्य समुद्रातील बेटावर, १९५४ च्या फ्लोरियाना येथील स्मारकावर वाचावयास मिळते.

भारतीय व्यापारी नौदलातील, समुद्र हेच ज्यांचे थडगे अशा सुमारे सहा हजार खलाशांची नावे दगडावर नाहीत. ती मुंबई आणि चितगाव येथे ठेवलेल्या नामावलीग्रंथांत आहेत.