मोटारीचा भाता आणि त्याची पुली

पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेलेल्या प्रत्येकाने पट्टा फिरताना पाहिला आहे. विजेच्या मोटरच्या दांड्यावर एक चाक, जात्याच्या दांड्यावर दुसरे, आणि दोहोंना वेढणारा पट्टा. जात्याकडील चाक लहान केले तर जाते अधिक वेगाने फिरेल, हे सांगण्यास यंत्रविद्येची पदवी लागत नाही. मात्र जाते वेगाने फिरले की पीठ तापते, मोटरवर भार येतो आणि पट्टा घसरू लागतो, हेही गिरणीवाला जाणून असतो. आज आम्ही ज्याविषयी लिहिणार आहोत ती गोष्ट मुळात हीच आहे. गिरणीच्या जागी मोटारगाडी घ्यावी आणि धान्याच्या जागी हवा.

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण ते त्याहून कितीतरी अधिक हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळावयाचे तर सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल वाढवणे सोपे, हवा वाढवणे अवघड; कारण साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेऊ शकते. लोहाराने आपल्या भट्टीपुढील ही अडचण भात्याने फार पूर्वीच सोडवली. मोटारीच्या या भात्याला सुपरचार्जर म्हणतात, आणि त्याचे कुळही भट्टीचेच आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली दोन फिरत्या पाकळ्यांच्या पंख्याचे पेटंट घेतले. पुढे तो लोखंडाच्या भट्ट्यांत वारा घालण्यास वापरला गेला. एका पेटीत दोन रोटर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, एकमेकांस शिवत मात्र नाहीत, आणि हवेचा एकेक घास उचलून पलीकडे टाकतात. १९२१ साली मर्सिडीझने विक्रीच्या मोटारींवर सुपरचार्जर बसवला आणि भट्टीचा भाता रस्त्यावर आला.

आता एक विशिष्ट गाडी घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ कौली येथील कारखान्यात २००१ पासून नवी मिनी तयार होऊ लागली. तिचा ‘कूपर एस’ हा प्रकार २००६ पर्यंत सुपरचार्जर लावून विकला गेला. त्यानंतरच्या पिढीत त्याची जागा टर्बोने घेतली. इंजिन १,५९८ घनसेंटिमीटरचे, शक्ती १६३ अश्वशक्ती. भाता ईटन कंपनीचा, एम-४५ या नावाचा. हा आकडा शोभेचा नव्हे. रोटर एकदा फिरला की ४५ घनइंच, म्हणजे सुमारे पाऊण लिटर हवा पुढे ढकलली जाते. रोटरचा वेग इंजिनाच्या सुमारे दुप्पट. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर रोटर १२,००० घेतो, आणि हिशेबाने मिनिटाला ८,८०० लिटरच्या आसपास हवा आत लोटतो.

या गाडीच्या हौशी मालकांनी जी युक्ती लोकप्रिय केली ती म्हणजे भात्याच्या दांड्यावरील पुली पंधरा टक्के लहान करणे. पंधरा टक्के लहान म्हणजे वेग पंधरा टक्के अधिक, असे वाटते. पण भागाकार करून पाहावा. एकास ०.८५ ने भागले की १.१७६ येतात. वेग साडेसतरा टक्क्यांनी वाढतो आणि १२,००० चे १४,१०० होतात. तळहातावर मावणारा धातूचा एक तुकडा बदलला, आणि इंजिनाचा श्वास बदलला. या स्वस्ताईमुळेच युक्तीला एवढे भक्त मिळाले.

कोणी श्रोता विचारील, की असले काम माणसे घरी का करतात? आपल्याकडे कोपऱ्यावर मिस्त्री असतो. विलायतेत कारागिराचा तास महाग, आणि घरापुढे गाडी खोलून बसण्याची परंपराही जुनी. जॉन हेन्स यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिले दुरुस्ती-पुस्तक १९६६ साली काढले. गाडी प्रत्यक्ष खोलून पुन्हा जोडावयाची आणि मग लिहावयाचे, ही त्या पुस्तकांची पद्धत. तिच्यावर तेथील कित्येक हौशी माणसे वाढली आहेत.

कामाचा पहिला भाग अंग चोरण्याचा आहे. मिनीचे इंजिन आडवे बसवलेले असून पट्टा उजव्या बाजूस, चाकाच्या कमानीला अगदी लागून आहे. पुढचा भाग जॅकने उचलून तो भक्कम घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जीव एका वायसरवर टांगणे होय. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. मग उजवे पुढचे चाक आणि त्यामागील प्लॅस्टिकचे आवरण काढावे. दुसरा जॅक लाकडी ठोकळ्यासह इंजिनाखाली लावून त्या बाजूचा इंजिनाचा आधार सोडवावा, म्हणजे इंजिन थोडे खालीवर करून हत्याराला वाट काढता येते. पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची दांडी दाबून तिच्यात खीळ घालावी, की पट्टा सैल होऊन निघतो.

आता खरी अडचण पुढे येते. पुली दांड्यावर बोल्टने बसवलेली नसून घट्ट दाबून बसवलेली असते. ती काढण्याचा मोह हातोडीने होतो, आणि तेथेच खर्चाला आरंभ होतो. आतील रोटरांमधील फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते, आणि त्यांस जुळवून ठेवणारी चाके व बेअरिंगे दांड्यावरचा घाव थेट सोसतात. म्हणून यासाठी केलेला खास पुलर हवा. त्याची पकड पुलीला सर्व बाजूंनी कवटाळते, मधला स्क्रू दांड्यावर टेकतो, आणि पाना फिरवत गेले की पुली सावकाश सरकत बाहेर येते. काढण्यापूर्वी ती दांड्यावर नेमकी किती खोल होती हे मोजून लिहून ठेवावे. नवी पुली तेवढीच खोल बसली पाहिजे. एकदोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पट्ट्याच्या सहा धारांना तो कळतो आणि कडा झिजू लागतात.

बसवण्याची रीत तर आपल्या सुताराला नवी नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि थंड होताच ती लाकडाला आवळून धरते; येथेही तेच. ॲल्युमिनियमची नवी पुली ओव्हनमध्ये तापवतात. पंधरा मिलिमीटरचे छिद्र धरले आणि तापमान १८० अंशांनी वाढवले, तर छिद्र सुमारे सहा शतांश मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीइतके, मोठे होते. तेवढ्यात काम साधते. हात मात्र चपळ हवा आणि हातमोजे जाड हवेत. पुली अर्ध्यावर निवली तर पुन्हा पुलर. काही पुल्या दोन भागांत येतात, आतला निमुळता भाग बोल्टने आवळला की बाहेरचा घट्ट बसतो. घरच्या कामाला आम्हांस या अधिक पसंत आहेत.

एवढे झाले, गाडी जोडली, विक्रेते सांगतात त्या पंधरा-वीस अश्वशक्ती मिळाल्या. पण गिरणीतले पीठ तापते हे विसरून चालणार नाही. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, तेच हे. पूर्ण जोरात चालणाऱ्या या भात्यातून निघणारी हवा शंभर अंशांच्याही वर गेलेली असते. इंजिनाच्या डोक्यावर इंटरकूलर आणि झाकणाला हवेसाठी तोंड ठेवले आहे ते याचसाठी. वेग वाढवला की ही उष्णता आणखी वाढते, आणि फार तापलेले मिश्रण ठिणगीनंतर एकसारखे जळत न जाता उरलेले एकदम भडकते. या ठोक्याने पिस्टनला भोक पडू शकते. गाडीतील संगणक हा ठोका ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, परंतु पुलीने दिलेली शक्ती त्यातच परत जाते. म्हणून उच्च ऑक्टेनचे पेट्रोल आणि एक पायरी थंड प्रकारचे प्लग हे पुलीचेच भाग समजावेत. लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी मिळतो, यास्तव पट्टाही किंचित आखूड घ्यावा. खुद्द कारखान्याच्या बाजूनेही २००३ मध्ये जॉन कूपर वर्क्स या नावाने २०० अश्वशक्तीचा संच निघाला, तेव्हा भात्याबरोबर इंजिनाचे डोके आणि धूरनळीही बदलली होती. सतरा-एकोणीस टक्क्यांच्या पुल्याही मिळतात. नुसत्या पुलीवर पंधराच्या पुढे जाणाऱ्या हौशी माणसास आमचा पाठिंबा नाही.

एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड राहते. या गाडीचा पाण्याचा पंप भात्याच्याच दुसऱ्या टोकाला दातेरी चाकांवर चालतो. त्या चाकांचे तेल अगदी थोडे असते आणि वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. आज या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या. ते तेल आटलेले असताना भात्याला साडेसतरा टक्के अधिक पळवले, तर चाके झिजतात, पंप थांबतो आणि त्यापाठोपाठ इंजिन तापते. ते तपासण्यासाठी भाता काढावा लागतो. हे काम पुलीहून मोठे आहे, तरी जुन्या गाडीत ते आधी करावे.

कायद्याकडेही पाहावे लागते. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीस कळवावा लागतो. न कळवल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे.

गाडी घोड्यांवरून उतरवण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे चालू ठेवून पट्टा सरळ धावतो की नाही ते बाजूने पाहावे, आणि चालत्या पट्ट्यापासून बाही व बोटे दूर ठेवावीत. शंभर मैलांनंतर पुन्हा एकदा पाहावे. जुनी पुली तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. गाडी विकताना घेणारा ती मागतो.