संकेतस्थळाचें नांव व त्याची निगा

कोणत्याही वस्तूचा विचार नाम आणि रूप अशा दोन अंगांनीं करावा, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. संकेतस्थळाच्या बाबतींत मात्र रूपाकडे सर्वांचें लक्ष असतें आणि नामाकडे सहसा कोणाचेंच नसतें. आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनीं संकेतस्थळें काढिलीं आहेत. कोणाचें कुलवृत्तांताचें, कोणाचें आजोबांच्या ग्रंथसंग्रहाचें, तर कोणाचें घरगुती व्यवसायाचें. त्यावर चित्रें कोणतीं घालावीं, अक्षरांचा रंग कोणता असावा, याविषयीं घरांत चार दिवस चर्चा होते. परंतु तें ज्या नांवानें उघडतें तें डोमेन कोणाच्या खात्यावर नोंदलें आहे आणि त्याची मुदत कधीं संपते, हें विचारल्यास बहुधा "तें सगळें भाचा पाहतो" असें उत्तर मिळतें. आमच्या मतें खरी मालमत्ता हें नांवच होय. पानें आज एका ठिकाणीं, उद्यां दुसऱ्या ठिकाणीं ठेवितां येतात. म्हणून हें नांव आपल्या हातीं कसें राखावें आणि हवें तिकडे कसें वळवावें, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. इंटरनेटवरील यंत्रांचा परस्पर व्यवहार अंकात्मक पत्त्यांनीं चालतो. माणसांस अंक पाठ राहत नाहींत, म्हणून नांवें आलीं. अमेरिकेंतील अर्पानेट या मूळ जाळ्यांत यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां सर्व नांवांची व अंकांची मिळून एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथें एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं राखली जाई, आणि ज्यानें त्यानें तिची नक्कल उतरून घ्यावी अशी वहिवाट होती. यंत्रें वाढलीं तशी ही एकहाती वही पुरेनाशी झाली. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डोमेन नेम सिस्टिम, संक्षेपानें डीएनएस, हिची योजना मांडली. १९८७ सालीं तिला जें स्वरूप मिळालें तोच पुढें पुष्कळ भर पडूनही आजच्या व्यवहाराचा पाया आहे.

या योजनेचें मर्म असें कीं, सगळी वही कोणा एकाजवळ नसावी. प्रत्येकानें आपल्या हद्दीपुरती नोंद ठेवावी आणि हद्दीपलीकडील प्रश्नास "पुढें अमक्यास विचारा" एवढेंच उत्तर द्यावें. परगांवचा पाहुणा वाडा शोधीत येतो तेव्हां वेशीवरचा माणूस त्यास पेठ दाखवितो, पेठेंतला दुकानदार आळी दाखवितो आणि आळींतलें कोणी तरी दरवाजापर्यंत पोंचवितें. तसाच हा प्रकार. 'अमुक डॉट इन' हें नांव कोणी उच्चारलें म्हणजे प्रश्न प्रथम मूळ सर्व्हरांकडे जातो. तेरा नांवांनीं ओळखले जाणारे हे सर्व्हर त्यास 'डॉट इन'च्या दप्तराकडे धाडितात. हें दप्तर २००३ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया या संस्थेच्या अखत्यारांत आहे. तेथून 'अमुक'च्या नेमसर्व्हराचा पत्ता मिळतो व तो नेमसर्व्हर शेवटचा अंक सांगतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उरकतें, आणि एकदां मिळालेलें उत्तर कांहीं काळ लक्षांत ठेविलें जातें. किती काळ ठेवावें हें त्या नोंदींतच सेकंदांत लिहिलेलें असतें. त्यास टीटीएल म्हणतात.

यावरून येथें तीन निरनिराळीं खातीं आहेत हें ध्यानांत येईल. नांव ज्याच्याकडे नोंदवितों तो रजिस्ट्रार. नांवापुढील पत्ते ज्याच्या वहींत आहेत तो नेमसर्व्हर. आणि पानें जेथें ठेविलीं आहेत तें होस्टिंग. सातबाराच्या उताऱ्यावरील नोंद, दारावरची पाटी आणि आंतलें बिऱ्हाड या जशा तीन वेगळ्या गोष्टी, तशींच हीं. एकच कंपनी तिन्ही कामें करीत असल्यास सोय होते खरी. पण पुढें बिऱ्हाड हलवावयाचें झालें म्हणजे कोणता कागद कोठें आहे हें ठाऊक नसल्यामुळें घोटाळा होतो.

नेमसर्व्हरवरील नोंदींस रेकॉर्ड म्हणतात. गृहस्थास चार प्रकार ओळखीचे असले म्हणजे पुरे. 'ए' रेकॉर्ड नांवापुढें अंकात्मक पत्ता लिहितो. 'सीनेम' हा पर्यायशब्दासारखा आहे. हें नांव म्हणजे तेंच नांव, इतकेंच तो सांगतो. 'एमएक्स' हा टपाल कोठें उतरावें तें सांगतो. 'टीएक्सटी' म्हणजे मोकळा मजकूर. आपल्या नांवें ई-मेल धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे तें त्यांत लिहितात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू अशा नोंदींविषयीं अधिक कडक झाले आहेत. सीनेमचा एक नियम मात्र पुष्कळांस अडवितो. ज्या नांवापुढें तो लिहावा त्यापुढें दुसरी सामान्य नोंद राहूं शकत नाहीं. मूळ नांवापुढें नेमसर्व्हरांची नोंद असावीच लागते; म्हणून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' जोडलेल्या नांवास सीनेम चालतो, नुसत्या मूळ नांवास चालत नाहीं. तेथें ए रेकॉर्ड द्यावा, किंवा कांहीं कंपन्या यावर जी तोड देतात ती वापरावी.

आतां फॉरवर्डिंग. हें डीएनएसचेंच काम आहे असा सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः डीएनएस फक्त अंक सांगतो. त्या अंकावरील सर्व्हर जेव्हां "हें पान आतां अमुक ठिकाणीं गेलें आहे" असें ब्राउझरास कळवितो, तेव्हां वाचक नव्या पत्त्यावर जातो. पुष्कळ रजिस्ट्रार या कामापुरता आपला सर्व्हर देतात. व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात. येथेंही आदेशच आहे, आणि त्याचे मुख्य प्रकार दोन: ३०१ हा कायमचा, ३०२ हा तात्पुरता. जुनें नांव सोडून नवें घेतलें असेल तर ३०१ द्यावा, म्हणजे शोधयंत्रेंही नवा पत्ता धरतात. पण ब्राउझर तो ध्यानांत ठेवितात. म्हणून केवळ प्रयोग करून पाहतांना ३०२ बरा.

फॉरवर्डिंग करितांना चार गोष्टी पाहाव्या. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या ठिकाणच्या त्याच पानावर जातां यावें. सर्वांस मुख्य दारांत आणून सोडणें हें पाहुण्यास वेशीवर उभें करण्यासारखें आहे. 'मास्किंग' म्हणून जुन्या नांवाच्या पडद्याआड नवें पान दाखविण्याची सोय असते, ती टाळावी; वाचकास आपण नेमक्या कोणत्या पानावर आहों तेंच कळत नाहीं. जुन्या नांवासही सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र असावें. नाहीं तर वळण लागण्यापूर्वींच ब्राउझर धोक्याची सूचना देऊन वाचकास परतवितो. आणि अ वरून ब कडे, ब वरून पुन्हां अ कडे असें चक्र होऊं देऊं नये. मूळ नांव व 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'युक्त नांव हीं एकमेकांकडे बोट दाखवूं लागलीं म्हणजे हें हटकून घडतें.

फॉरवर्डिंगचा एक चांगला उपयोग मराठी कुटुंबांस सांगण्यासारखा आहे. २०१४ सालापासून 'डॉट भारत' हें देवनागरी डोमेन मिळूं लागलें असून मराठीचा त्यांत समावेश आहे. तें नांव यंत्रांच्या व्यवहारांत रोमन अक्षरांत रूपांतरित होतें, वाचकास मात्र देवनागरींतच लिहितां येतें. अशा नांवावरील ई-मेल अद्यापि सर्वत्र स्वीकारली जात नाहीं. यासाठीं टपाल 'डॉट इन'वर ठेवावें व 'डॉट भारत' तिकडे वळवावें, म्हणजे आजी देवनागरींत लिहो कीं नातू रोमनमध्यें लिहो, दोघेही एकाच दारीं पोंचतात.

बिऱ्हाड हलवितांना क्रम फार महत्त्वाचा. टीटीएल ८६,४०० सेकंद, म्हणजे पुरता एक दिवस, असेल तर आदल्या दिवशींच किंवा त्याच्याही आधीं तो ३०० करावा. जुन्या वहींतील प्रत्येक नोंद, विशेषतः एमएक्स व टीएक्सटी, नव्या नेमसर्व्हरवर उतरून घ्यावी. त्यानंतरच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदलावा. नेमसर्व्हर बदलल्यावर संकेतस्थळ व्यवस्थित उघडतें, पण टपाल बंद पडलें, अशी तक्रार वरचेवर ऐकूं येते. तिचें कारण बहुधा एमएक्सची नोंद मागें राहिली हेंच असतें. जुनें होस्टिंगही कांहीं दिवस चालू ठेवावें.

हें सर्व तंत्र झालें. त्याहून मोठा प्रश्न नांव कोणाचें हा आहे. आमच्या माहितींतील एका कुटुंबानें मोठ्या परिश्रमानें कुलवृत्तांत छापला. निरनिराळ्या गांवीं विखुरलेल्या शाखांनीं आपल्या वंशावळी व दुरुस्त्या धाडाव्या म्हणून संकेतस्थळाचा व ई-मेलचा पत्ता ग्रंथांत दिला. नांव नोंदविलें होतें स्थळ तयार करून देणाऱ्या तरुणानें, स्वतःच्या खात्यावर. तो पुढें परदेशीं गेला. मुदतीच्या सूचना, जी टपालपेटी तो उघडीत नव्हता, तींत पडून राहिल्या. नांव गेलें, तिऱ्हाइतानें घेतलें, आणि आज तेथें जुगाराची जाहिरात आहे. ग्रंथ मात्र घरोघर कपाटांत आहे. त्यांतला पत्ता पुसतां येत नाहीं. शिवाय ज्याचें नांव त्याचें टपाल. एखाद्या वृद्ध आत्यानें माहेरच्या शाखेची माहिती त्या पत्त्यावर धाडली, तर ती कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नाहीं.

असें मोठ्यांचेंही होतें. १९९९ च्या डिसेंबरांत मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम'चें शुल्क भरावयाचें राहून गेलें व हॉटमेलच्या पुष्कळ लोकांस आपलें टपाल पाहतां येईना. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरनें पदरचे ३५ डॉलर भरले. उलट पक्षीं, ज्यांनीं स्वतःचें नांव न घेतां जिओसिटीजच्या पत्त्यावर पानें थाटलीं होतीं, त्यांचे पत्ते ऑक्टोबर २००९ मध्यें याहूनें तें जपानाबाहेर बंद केलें तेव्हां कायमचे बुडाले. नांव आपलें असतें तर पानें दुसरीकडे नेऊन तेंच नांव तिकडे वळवितां आलें असतें. रजिस्ट्रारही बदलतात, गूगलनें आपला नांवनोंदणीचा व्यवसाय २०२३ सालीं स्क्वेअरस्पेस या कंपनीस विकला. मात्र नोंद ज्याची होती त्याचीच राहिली.

तेव्हां प्रत्येक कुटुंबानें पुढील व्यवस्था करावी. डोमेन घरांतील जबाबदार व्यक्तीच्या खात्यावर असावें. कारागिरास फक्त कामापुरती वाट द्यावी. त्या खात्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. कारण नांव बंद पडलें म्हणजे त्याची सूचनाही बंद पडते. खात्यास दुहेरी कुलूप असावें व स्थलांतराची मनाई चालू ठेवावी. 'डॉट कॉम'सारखें नांव एका वेळीं अधिकांत अधिक दहा वर्षांसाठीं घेतां येतें. तें मुदत उलटून खोडलें गेलें तर ३० दिवस जादा दंड भरून सोडवितां येतें, त्यानंतर ५ दिवसांनीं तें मोकळें होतें. पण या सवलतीवर विसंबूं नये. जुनें नांव टाकून नवें घेतलें तरी जुन्याचें शुल्क भरीत राहावें, कारण तें आहे तोंवरच वळण आहे. जो पत्ता एकदां छापला गेला तो सहसा सोडूं नये.

शेवटीं, रजिस्ट्रारचें नांव, मुदतीची तारीख व सर्व रेकॉर्डांची नक्कल एका कागदावर लिहून घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवावी, आणि तो कागद कोठें आहे हें घरांतील दोघांस तरी ठाऊक असावें. दरवर्षीं दिवाळींत जमाखर्च पाहतांना त्यावरची तारीखही एकदां डोळ्यांखालून घालावी. एवढ्यानें पुढच्या पिढीच्या हातीं तें नांव सुखरूप पडेल.