वीज गेल्यावर मळसूत्राचे काय होते?

पोलादपुरात पावसाळ्यात वीज जाते, हे सांगायला संशोधक लागत नाही. माझ्या यंत्राचे गणित मांडताना मी नेमके तेच विसरलो. लाकडावर नक्षी कोरणारे घरगुती यंत्र. कोरणारी मोटार आणि तिची बैठक मिळून १२ किलो वजन एका उभ्या स्क्रूवर वरखाली होई. जुलैतल्या एका दुपारी वीज गेली आणि सगळे वजन घसरत खाली आले. कटर फळीत रुतला. फळी सरळ करणाऱ्या मुलाने हात नुकताच मागे घेतला होता.

स्क्रू कमी ताकदीचा नव्हता. १६ मिमीचा बॉल स्क्रू. भार निम्मा केला की त्याचे आयुष्य आठपट होते, त्यामुळे कागदावर तो मला पुरून उरणार होता. बॉल स्क्रूमध्ये नट आणि आट्यांच्या मधून पोलादी गोळ्या घरंगळतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती कामी येते. पण मोटार जशी स्क्रू फिरवून वजन उचलते, तसे वजनही स्क्रू फिरवून मोटार उलटी फिरवते. माझ्या स्क्रूची चाल, म्हणजे एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर, १० मिमी होती. ११८ न्यूटन गुणिले ०.०१ मीटर गुणिले ०.९, त्याला ६.२८ ने भागले की येतात ०.१७ न्यूटन-मीटर. वीज नसताना माझ्या स्टेपर मोटारीचा विरोध याच्या निम्माही नव्हता.

महाडचे एक टर्नरकाका म्हणाले, "साधे आटे घाल, जागेवर राहील." ते खरे, पण अर्धे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला आंबेनळी घाटच. १६ मिमीच्या, ४ मिमी चालीच्या समलंब आट्याचा घाट ४४ मिमीत ४ मिमी चढतो, चढ ०.०९. तेल लावलेल्या पितळी नटचे घर्षण साधारण ०.१० ते ०.१५, म्हणून तो अडतो, तोही काठावर. यंत्र थरथरले की भरवसा नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा ८ मिमीचा स्क्रू दिसायला तसाच, पण त्यावर चार आटे शेजारी शेजारी असतात. चाल ८ मिमी, चढ ०.३६. तो घसरणारच. शिवाय समलंब आट्यात निम्म्याहून जास्त शक्ती घर्षणात जाते, मोटार मोठी घ्यावी लागते.

मी बॉल स्क्रूच ठेवला, चाल ५ मिमीची घेतली आणि वीज गेली की स्प्रिंगने आवळणारा ब्रेक मोटारीला जोडला. मग मेन स्विच तीनदा पाडून पाहिला. कटरखाली फळीचा तुकडा होता. मुलाला बाहेर पाठवले होते.