तीन सेकंदांची शांतता

मंडईत तुम्ही विचारता, "मावशी, मेथी कशी दिली?" मावशी म्हणतात, "वीसला जुडी." त्यावर तुम्ही म्हणता, "शाब्बास! अगदी बरोबर. बसा खाली." मावशी तुमच्याकडे कशा बघतील?

वर्गात मात्र हे रोज घडतं आणि कुणाला वावगं वाटत नाही. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे तोच प्रश्न विचारतो, ज्याला ठाऊक नाही तो उत्तर देतो आणि विचारणारा शेरा मारतो. प्रश्न, उत्तर, शेरा. ह्यू मेहान या अभ्यासकानं १९७९ साली आलेल्या आपल्या पुस्तकासाठी अमेरिकेतल्या एका प्राथमिक वर्गातलं बोलणं बारकाईनं तपासलं, तेव्हा त्यात हाच तीन ठोक्यांचा ठेका सापडला.

गणितात हे चालून जाईल. सात आठे छप्पन्नच. पण कवितेचं काय? गोष्टीचं काय? साहित्याच्या तासाला तरी मोकळ्या गप्पा होत असतील ना?

मार्टिन निस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक वर्गांत हेच मोजलं. त्यांचा 'मोकळ्या चर्चे'चा अर्थ साधा होता : मुलं आणि शिक्षक एकमेकांच्या बोलण्याला बोलणं जोडताहेत, उत्तर आधीपासून ठरलेलं नाही. १९९७ साली त्यांचं पुस्तक आलं. आठवीच्या वर्गात अशी चर्चा एका तासाला सरासरी ५० सेकंद. नववीत १५ सेकंदांहूनही कमी! पन्नास सेकंदांत चहाला उकळीसुद्धा येत नाही हो.

मग चर्चा मरते कुठे? इथे गोष्ट खरी रंगते, कारण खुनाची जागा सापडली ती एका टेपरेकॉर्डरवर.

मेरी बड रो या बाई विज्ञानाच्या शिक्षणाचा अभ्यास करायच्या. त्यांनी वर्गांमधल्या बोलण्याच्या टेप ऐकल्या आणि भलतंच काही मोजलं. बोलणं नव्हे, गप्प बसणं! प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे बोट, नाहीतर स्वतःच उत्तर. आणि शिक्षक ज्याला 'हुशार' मानत त्याच्यासाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत, 'ढ' मानलेल्यासाठी एकाहूनही कमी. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच कमी. हे कुणी मुद्दाम करत नव्हतं, म्हणून तर ते जास्त बोचतं.

रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. बस्स, एवढंच. पुस्तक तेच, मुलं तीच, फळा तोच. पण उत्तरांची लांबी कित्येक पटींनी वाढली. "माहीत नाही" आणि नुसतं गप्प बसणं कमी झालं. कधी तोंड न उघडणारी मुलं बोलू लागली. "असंही असू शकेल का?" अशी भाषा येऊ लागली. मुलं एकमेकांना उत्तरं देऊ लागली.

तीन सेकंदांत एवढं? त्यासाठी माणसाच्या बोलण्याची घाई किती विलक्षण आहे ते बघा. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या गेल्या, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर साधारण ०.२ सेकंद निघालं. पापणी लवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तीन सेकंद हे नेहमीच्या अंतराच्या पंधरापट! अंगणात कुणी हाक मारावी आणि घरातून ओ येऊ नये, तसं शिक्षकाला वाटतं. पोटात गोळा येतो. तो गोळा गिळणं हेच शिक्षकाचं कौशल्य. आणि एक थांबा मुलाचं उत्तर संपल्यावरही घ्यायचा असतो, कारण पहिलं वाक्य बहुधा नुसतं घसा साफ करणं असतं, खरी गोष्ट दुसऱ्या वाक्यात येते.

अर्थात नुसतं गप्प बसून भागत नाही. प्रश्नही थांबण्याच्या लायकीचा हवा. 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग आठवा. भीतीनं लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, शिंपटीनं मारून विहिरीकडे धाडते आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. "यातून आईचा कोणता गुण दिसतो?" हा 'शाब्बास, बसा खाली'वाला प्रश्न झाला. उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं. आता हे विचारा : "आईचे अश्रू कशाचे? मारल्याच्या पश्चात्तापाचे, की मारावं लागलं याचे?" कुणाला ठाम सांगता येईल? मलाही नाही.

"म्हणजे काहीही उत्तर चालेल?" मुळीच नाही. इथेच तर गंमत. मूल काहीही म्हणालं, की शिक्षकाचा दुसरा प्रश्न ठरलेला : "पुस्तकात तुला हे कुठे दिसलं?" आणि पानं फडफडू लागतात. परीक्षेसाठी न वाचलेला परिच्छेद पोरं भांडण जिंकण्यासाठी तीनदा वाचतात! शिवाय या पुस्तकाची बांधणीच चर्चेसारखी आहे. श्याम रोज रात्री मित्रांना आईची आठवण सांगतो आणि ते ऐकतात, मध्येच बोलतात.

एडवर्ड हार्कनेस या दानशूर अमेरिकनाला असं चर्चेतून शिकणं एवढं पटलं, की १९३० साली त्यानं न्यू हॅम्पशरमधल्या एक्झेटरच्या शाळेला ५८ लाख डॉलर दिले. त्यातून तिथल्या वर्गांत डझनभर मुलं आणि शिक्षक मावतील अशी अंडाकृती टेबलं आली. कोपरा नाही, मागचा बाक नाही, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात ते टेबल कुठून आणणार? नको आणायला. थांबायला पैसे पडत नाहीत.

आज रात्री घरातल्या पोराला त्या अश्रूंबद्दल विचारा आणि मनात सावकाश मोजा : एक, दोन, तीन. मी मोजत होतो, तेव्हा दोनवरच माझं तोंड उघडलं.