विश्लेषण : उन्हाळ्यात कार्यालयांच्या स्वच्छतागृहांना इतकी दुर्गंधी का येते? ती रोखता येते का?

एप्रिल-मेमध्ये एखाद्या जुन्या व्यापारी संकुलात गेलात, तर स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे हे विचारावे लागत नाही. नाकच रस्ता दाखवते. व्यवस्थापनाचा उपायही ठरलेला असतो. सकाळी फिनेल, मुतारीत डांबराच्या गोळ्या आणि भिंतीवर दर काही मिनिटांनी फुसफुसणारा सुगंधी फवारा. दुपारी दोनपर्यंत मोगऱ्याचा आणि मुतारीचा वास एकमेकांत मिसळून आधीपेक्षा असह्य झालेला असतो.

हा प्रश्न केवळ नाक मुरडण्यापुरता नाही. स्वच्छतागृहात पाऊल टाकवत नाही म्हणून तिथे जाणे टाळायचे आणि जावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही सवय दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींपासून बँकेतल्या कर्मचाऱ्यांपर्यंत अनेक स्त्रियांना असते. पारा चाळिशीपार असताना कमी पाणी पिणे म्हणजे उष्माघाताला आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. त्यामुळे वास कुठून येतो आणि तो कसा थांबवायचा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

वास एकच असतो की वेगवेगळे?

‘घाण वास येतो’ एवढ्यावर तक्रार थांबते आणि तिथेच गल्लत होते. स्वच्छतागृहात साधारण तीन प्रकारचे वास असतात आणि तिघांचे पत्ते वेगळे असतात. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. तो शिळ्या लघवीतून येतो, म्हणजे त्याचा उगम खोलीतच असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो मैलापाण्याच्या वाहिनीतून वर येतो. तिसरा कुबट, ओल्या फडक्यासारखा वास. तो बहुतेक वेळा खरोखरच ओल्या फडक्याचा, म्हणजे कोपऱ्यात उभ्या केलेल्या मॉपचा आणि कधीच न वाळणाऱ्या फरशीचा असतो. अमोनियाचा वास असताना ड्रेनेजचे पाइप साफ करून उपयोग नाही आणि ड्रेनेजचा वास असताना फरशी कितीही घासली तरी फरक पडत नाही.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो, मग अमोनिया येतो कुठून?

लघवीत सुमारे 95 टक्के पाणी असते आणि साधारण दोन टक्के युरिया. युरियाला स्वतःचा वास नसतो. मात्र फरशीवर, भांड्यावर आणि सांध्यांत राहणाऱ्या अनेक जिवाणूंकडे युरिएज नावाचे विकर असते. ते युरिया फोडते आणि अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याच युरिएजचे स्फटिक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी 1926 मध्ये एका जातीच्या शेंगांच्या दाण्यांपासून मिळवले आणि विकरे ही प्रथिने असतात हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांना 1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इतक्या मानाचे विकर मुतारीत मात्र डोकेदुखी ठरते.

तापमान वाढले की ही सगळी यंत्रणा वेग घेते. जिवाणू झपाट्याने वाढतात, युरिया लवकर फुटतो आणि तयार झालेला अमोनिया पाण्यात न राहता हवेत सहज निसटतो. शिवाय उन्हाळ्यात घामामुळे लघवी कमी आणि घट्ट होते. त्यात पाणीकपात असेल तर फ्लश कमी. म्हणजे माल जास्त कडक, धुणारे पाणी कमी आणि उष्णता भरपूर.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. युरिया फुटला की लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातील व पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार खाली बसतात. मुतारीच्या भांड्यात, जाळीखाली आणि पाइपच्या आतल्या बाजूला जो पिवळट, खरबरीत थर दिसतो तो हाच. त्यातला स्ट्रुव्हाइट हा क्षार काही रुग्णांच्या मूतखड्यांतही सापडतो. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी आले की थर आणखी वेगाने चढतो. त्या खडबडीत थरात जिवाणूंना कायमचे घर मिळते. वरून फिनेल ओतले तरी ते थराच्या आत पोहोचत नाही. ‘सकाळीच धुतले, दुपारी पुन्हा वास’ या तक्रारीचे उत्तर इथे आहे.

नहाणी ट्रॅप कोरडा पडला तर काय होते?

मैलापाण्याच्या वाहिनीतील वायू आणि आपले नाक यांच्यामध्ये जाड भिंत नसते. असते ते फक्त थोडेसे पाणी. प्रत्येक बेसिन, कमोड आणि फरशीच्या जाळीखाली वाकडा पाइप किंवा खोलगट भांडे असते. त्यात साठलेले पाणी वायूला वर येऊ देत नाही. याला ट्रॅप म्हणतात आणि त्या पाण्याला वॉटर सील. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या पाइपचे पेटंट घेतले. आजवर त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय सापडलेला नाही. फरशीत बसवतात त्या ट्रॅपला देशभरातले प्लंबर आणि अभियंते ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. आपल्याकडच्या नहाणीचे नाव असे इंग्रजी नकाशांतही जाऊन बसले आहे.

या पाण्याची खोली साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. वापरात असलेल्या ट्रॅपमध्ये पाणी सतत बदलत राहते. पण फरशीच्या जाळीत आता पाणी जातेच कुठे? फरशी मॉपने पुसली जाते. रिकाम्या मजल्यावरचे स्वच्छतागृह, सुटीत बंद असलेली शाळा, आठवड्यातून एकदा उघडणारा सभागृहाचा भाग इथले ट्रॅप आटतात. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हात आणि वर पंखा हवा ओढत असेल तर ते आणखी लवकर आटतात. मग वाहिनीतला वायू थेट खोलीत येतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन कमी असल्याने ट्रॅप इतक्या लवकर कोरडे पडत नाहीत. तिथे न वाळणारी फरशी आणि कुबट वास ही मोठी अडचण असते.

तपासणी सोपी आहे. मोबाइलचा टॉर्च जाळीतून आत मारायचा. पाणी चमकले तर ट्रॅप जिवंत आहे. चमकले नाही तर एक-दोन तांबे पाणी ओतायचे आणि तासाभराने वास पाहायचा. अनेक ठिकाणी महिनाभराची तक्रार या दोन तांब्यांत मिटते. जागा बराच काळ बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे तेल सोडायचे. तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते. नेहमीसाठी मात्र आठवड्यातून दोनदा प्रत्येक जाळीत पाणी ओतणे हे सफाईच्या कामांच्या यादीत लिहूनच ठेवलेले बरे. तोंडी सांगितलेले आठवडाभर टिकते.

जाळीखाली उलटी वाटी असलेले ट्रॅप असतील तर ती वाटी जागेवर आहे का, हेही पाहावे. पाणी लवकर जात नाही म्हणून कुणीतरी ती काढून खिडकीत ठेवलेली असते आणि मग ती तिथेच राहते. वाटी नसेल तर सील नाही. एसीच्या पाण्याचा पाइप ट्रॅपशिवाय थेट ड्रेनेजला जोडलेला असेल तर दुर्गंधी स्वच्छतागृहात न येता साहेबांच्या केबिनमध्ये येते. मग तिथे अगरबत्ती लागते, पण पाइप कुणी पाहत नाही.

एक्झॉस्ट पंखा सुरू असूनही वास का जात नाही?

पंखा हवा बाहेर टाकतो, पण तितकीच हवा आत यायला वाट हवी. एसीचा गारवा वाया जाऊ नये म्हणून स्वच्छतागृहाचे दार घट्ट बसवले जाते आणि खालची फट रबराने बंद केली जाते. मग पंखा नुसता घरघरतो. दाराला खाली जाळी किंवा बोटभर फट हवी, म्हणजे व्हरांड्यातली हवा आत येईल आणि आतली हवा कार्यालयात न शिरता बाहेर जाईल. बंद खोलीत आणखी मोठा पंखा बसवला तर उलटाच परिणाम होऊ शकतो. हवा कुठूनतरी ओढलीच जाणार आणि दार बंद असेल तर ती आटलेल्या ट्रॅपमधून ओढली जाते. अशा वेळी पंखा खोलीत गटाराचा वायूच आणत असतो.

पंखा खरोखर ओढतो का, हे पाहायला टिश्यू पेपरचा तुकडा जाळीवर धरावा. तो चिकटून राहिला पाहिजे. पडला तर पात्यांवर धूळ बसली आहे, झडप अडकली आहे किंवा हवेला वाट नाही. वीजबचतीसाठी संध्याकाळी सहाला सगळे पंखे बंद करण्याची पद्धतही तपासून पाहावी. रात्रभर कोंडलेल्या गरम खोलीत फरशी वाळत नाही आणि सकाळी पहिल्यांदा येणाऱ्याला तो वास घ्यावा लागतो. आणि पंखा इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला असेल, तर तुमचा वास वरच्या मजल्याच्या खिडकीत जातो.

फिनेल, अॅसिड आणि डांबराच्या गोळ्यांनी काय साधते?

गोळ्या आणि फवारा वासावर वास चढवतात, इतकेच. फिनेल जंतू मारते, पण पिवळा थर काढत नाही. थर निघतो तो आम्लाने. म्हणून स्वस्तातले ‘अॅसिड’, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतले जाते. त्याने थर जातो, पण टाइलच्या सांध्यांतले सिमेंटही खाल्ले जाते. कोटा फरशी हा चुनखडीचा दगड. अॅसिडने तिचा गुळगुळीतपणा जातो, बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी लघवी आणखी खोल मुरते. अशी अॅसिडने धुतलेली फरशी काही महिन्यांत अधिकच वास मारू लागते.

सिरॅमिकच्या भांड्यांवर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून लावावे. अर्धा तास तसेच ठेवावे, ब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. थर जुना असेल तर दोन-तीन वेळा करावे लागते. कोटा किंवा संगमरवरावर मात्र लिंबूसत्त्वही नको. तिथे विकरे किंवा उपयोगी जिवाणू असलेली द्रावणे मिळतात. ती रात्री लावून ठेवावीत. त्यावर लगेच फिनेल किंवा ब्लीच टाकले तर ते जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात. हे सांगायला विक्रेते सहसा विसरतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लघवीच्या अमोनियावर ब्लीच पडले तर क्लोरामाइन तयार होतात. लहान, बंद खोलीत वाकून घासणाऱ्या मावशींच्या छातीत ते थेट जाते. ‘जास्त वास येतोय, दोन्ही टाका’ असे सांगणाऱ्या पर्यवेक्षकाला हे माहीत नसते आणि खोकला मावशींना होतो.

पाणीच कमी असेल तर काय करावे?

पाणी कमी असले तरी सफाईची वेळ बदलता येते. सकाळी एकदाच बादल्या ओतण्यापेक्षा त्याच पाण्यात दुपारी बारा आणि चार वाजता मुताऱ्या व त्यांच्याखालची फरशी धुऊन वायपरने कोरडी केली तर फरक जाणवतो. फरशीवर पाणी साचू देणे म्हणजे लघवी पातळ करून सांध्यांत पसरवणे. मॉप वापरानंतर धुऊन उन्हात टांगावा. उन्हाळ्यात ऊन तरी फुकट आहे. दिल्लीच्या आयआयटीतून पुढे आलेल्या ‘झीरोडॉर’सारख्या निर्जल मुताऱ्यांचा पर्यायही आहे. पण ‘निर्जल’ म्हणजे ‘देखभालीशिवाय’ नव्हे. ठरल्या वेळी भांडे पुसले नाही आणि वायू अडवणारा भाग साफ केला नाही, तर त्या साध्या मुतारीपेक्षा लवकर हात टेकतात.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनांत स्वच्छतागृहाची सोय करणे ही मालकाची जबाबदारी आहे. कुलूप लावून किल्ली काउंटरवर ठेवली म्हणजे सोय झाली, असे मानणारे मात्र पुष्कळ आहेत.

सगळे करूनही अंड्यासारखा वास येत राहिला तर?

मग दोष बहुधा इमारतीच्या वाहिनीत असतो. गच्चीवरच्या व्हेंट पाइपमध्ये पक्ष्याने घरटे केले असेल किंवा तो रंगकामाच्या वेळी कुणी बुजवला असेल, तर वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. जाळीतून ‘गुडगुड’ आवाज येणे ही त्याची खूण. उन्हाळ्यात वाहिनीतला प्रवाह मंद असतो. मैला चेंबरमध्ये साचतो आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात.

हा वायू फसवा आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असतानाही तो नाकाला कळतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘आता वास गेला’ असे वाटून चेंबरमध्ये डोके घालणारा माणूस याच कारणाने जीव गमावतो. म्हणून झाकण उघडून हाउसकीपिंगच्या मुलाला ‘जरा उतरून बघ’ असे सांगणे हा गुन्हा आहे. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी 30 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी दिला. चेंबरचे काम सक्शन आणि जेटिंगच्या गाडीचे आहे. ती मे महिन्यातच बोलवावी. जूनच्या पहिल्या पावसानंतर चेंबर तुंबू लागतात आणि मग गाडी मिळायला वेळ लागतो.