पाठ धरली आहे? मग कमरेतून नको, छातीतून वाका

लावणीचे दिवस सरले की ओरोसच्या आमच्या वस्तीत एकच तक्रार ऐकू येते : पाठ धरली. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावायचा, घरी येऊन वाकूनच भांडी-कपडे. काजू सोलायला जाणाऱ्या भगिनी तर दिवसभर मान खाली घालून बसलेल्या. शरीर पुढेच वाकत राहते, मागे वळायची वेळच येत नाही.

म्हणून विहारात दर रविवारी सकाळी आम्ही मागे वाकण्याची आसने शिकवतो. सुरुवातीला चूक आमचीच झाली. एका ताईंना पहिल्याच आठवड्यात धनुरासन करायला लावले. त्यांनी घोटे धरून झटक्यात उचल घेतली आणि कमरेत अशी कळ आली की चार दिवसांची मजुरी बुडाली. हातावर पोट असलेल्या घरात चार दिवस म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने ते सहजी मागे वळत नाहीत. मान आणि कंबर मात्र पटकन वळतात. घाई केली की सगळा बाक कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. बाहेरून आसन छान दिसते, आत दुखणे सुरू झालेले असते.

आता आम्ही भुजंगासनच आधी घेतो, तेही कोपरे जमिनीवर टेकवून. पावले जमिनीवर दाबायची, छाती पुढे ओढायची, मग वर. मान सर्वांत शेवटी. श्वास रोखायचा नाही. नंतर एकेका पायाने शलभासन, काही आठवड्यांनी सेतुबंध. चक्रासन मोठ्यांना शिकवतच नाही. पोरे न शिकवता करतात!

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, खुर्च्या, लोड वापरून ताठर शरीरांनाही ही आसने जमतील अशी रीत बसवली. त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली. आपल्याकडे लोड नसेल, गोधडी तर आहे. तिची घट्ट गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवा, डोक्याखाली उशी घ्या आणि पाच मिनिटे उताणे पडून राहा. उठताना कुशीवर वळून उठा.

काही जणी दुखणे सांगायला लाजतात. सेख सुत्तात नोंद आहे की, कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात खुद्द भगवंतांची पाठ दुखू लागली. त्यांनी पुढचे प्रवचन आनंदावर सोपवले आणि ते उजव्या कुशीवर पहुडले.

गरोदर भगिनी, हर्निया असलेले, नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेले आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले यांनी ही आसने करू नयेत. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर एक दिवसही थांबू नका. जिल्हा रुग्णालय ओरोसलाच आहे.

त्या ताई आता पहिल्या ओळीत असतात आणि नव्या बायकांना घाई करू देत नाहीत. रविवारी येताना उपाशीपोटी या, एक जुनी गोधडी आणा.